पुलाखालून नव्हे, मातीतून वाहणारे पाणी

पूल व्हायचा होता जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा. पोलंडच्या ईशान्य कोपऱ्यात रोस्पुदा नावाची छोटी नदी आहे. तिच्या दलदलीवरून आउगुस्तुव गावाचा १७ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता नेण्याचे सरकारने ठरवले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये पर्यावरणमंत्री यान शिश्को यांनी परवानगीवर सही केली. त्यानंतर ऐन बर्फात कार्यकर्त्यांनी जंगलात तंबू ठोकले, काहींनी झाडांवरच मुक्काम केला. 'गझेता विबोर्चा' या दैनिकाने आणि त्याचे निसर्गविषयक पत्रकार आदाम वायराक यांनी विषय लावून धरला. शहराशहरांत लोक कपड्यांना हिरव्या फिती बांधून फिरू लागले.

दुसऱ्या बाजूला आउगुस्तुवचे लोक होते आणि त्यांचेही म्हणणे खोटे नव्हते. वॉर्साहून लिथुएनिया, लाटव्हिया, एस्टोनियाकडे जाणारे अवजड ट्रक रात्रंदिवस या गावाच्या मधोमध धडधडत जायचे. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात गेल्यावर तर ही रहदारी आणखी फुगली. रस्ता ओलांडणारी माणसे चिरडली जात होती. राजधानीतल्या लोकांना फुलांची काळजी आणि आमच्या पोरांची नाही का, असा त्यांचा सवाल होता. वर्तमानपत्रांतले मथळेही मग 'माणूस की फूल' अशाच धाटणीचे झाले.

यातले फूल खरोखरच होते. हर्मिनियम मोनॉर्किस हे ऑर्किड सहसा वीतभरही उंच वाढत नाही. त्याची हिरवट पिवळी फुले इतकी बारीक असतात की गवतात वाकून शोधावी लागतात. वास मात्र मधासारखा. पोलंडमध्ये ते फक्त रोस्पुदाच्या खोऱ्यातच उरले होते. पण वाद एका फुलापुरता समजणे ही प्रसारमाध्यमांची सोय होती. शास्त्रज्ञांचे बोट होते जमिनीखालच्या पाण्याकडे.

दलदल म्हणजे साचलेले पाणी, असे आपण धरून चालतो. रोस्पुदात पाणी साचत नाही, ते सतत चालते. फक्त आडवे आणि अतिशय सावकाश. हिमयुगातल्या हिमनद्यांनी मागे टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या टेकड्यांत पाऊस मुरतो आणि खोऱ्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. तिथून तो नदीपर्यंत जातो, पण ओढ्यांतून नव्हे, तर अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या आणि लव्हाळ्यांच्या सैल थरातून, म्हणजे पीटमधून. हा थर स्पंजच्या गादीसारखा आहे. पाणी वाढले की फुगून वर येतो, घटले की खाली बसतो. त्यामुळे वरच्या रोपट्यांच्या मुळांपाशी पाण्याची पातळी बारा महिने जवळपास तीच राहते, ना पूर ना दुष्काळ. शिवाय झऱ्यांच्या पाण्यातले कॅल्शियम आणि लोह फॉस्फरसला बांधून ठेवतात. खत कमी, म्हणून उंच बोरू आणि झुडपे माजत नाहीत. आणि ती माजत नाहीत, म्हणूनच वीतभर ऑर्किडला ऊन मिळते. गरिबीवर टिकलेली ही श्रीमंती आहे. मणिपूरच्या लोकटाक सरोवरातले फुमदी नावाचे वनस्पतींचे थरही पाण्याबरोबर वरखाली होतात, पण ते तरंगतात. इथे खाली मीटर-मीटर खोलीचे पीट आहे, आणि एक मीटर पीट साठायला साधारण हजार वर्षे लागतात. जर्मनी, नेदरलँड्समधल्या अशा दलदली शेतीसाठी चर खणून कधीच कोरड्या केल्या गेल्या.

आता 'रस्ता तर खांबांवरून जाणार, मग बिघडते कुठे?' हा प्रश्न पाहू. शिवडीच्या चिखलमैदानावरून अटल सेतू नेताना मुंबईकरांनीही तो ऐकला आहे. तिथे भरती-ओहोटी रोज दोनदा नवा गाळ घेऊन येते. रोस्पुदात बाहेरून दुरुस्तीला येणारे काहीच नाही. खांब रोवायला अवजड यंत्रे आणायची, तर आधी पीट दाबून वाट करावी लागते. दाबलेल्या पिटातली छिद्रे मिटतात आणि पाणी अडते. त्याहून नाजूक जागा खोऱ्याच्या कडेला आहे. पुलाला भिडणारा भराव नेमका तिथे येतो, जिथे झरे फुटतात. वरून हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ झिरपणार, ते वेगळेच. पीट एकदा सुकले की त्यात हवा शिरते, ते कुजते, साठलेला कार्बन आणि पोषकद्रव्ये मोकळी होतात, थर खचतो. नंतर पाणी परत सोडले तरी जुना सैलपणा येत नाही.

सरकारने भरपाई म्हणून दुसरीकडे झाडे लावायची तयारी दाखवली. आपल्याकडच्या पर्यायी वनीकरणाचा अनुभव असलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. दलदलीच्या बदल्यात झाडे, हा हिशेब वनखात्याच्या वहीत बसतो, पाण्याच्या हिशेबात बसत नाही.

मे २००७ मध्ये त्या प्रांतात रस्त्याबाबत सार्वमत झाले. मत देणाऱ्यांपैकी प्रचंड बहुसंख्य रस्त्याच्या बाजूने होते, पण मतदानच ३० टक्क्यांच्या आत राहिले आणि निकाल बाद ठरला. निर्णायक ठरला तो कायदा. हे खोरे युरोपच्या 'नातुरा २०००' या संरक्षित जाळ्यात येते. त्या नियमांनुसार अशा जागेला गंभीर इजा करणारा प्रकल्प दुसरा पर्यायच नसेल तरच करता येतो. युरोपीय आयोग पोलंडला युरोपीय न्यायालयात घेऊन गेला. पक्ष्यांचा विणीचा हंगाम संपताच, १ ऑगस्टला काम सुरू व्हायचे होते; त्याच्या तोंडावर पंतप्रधान यारोस्वाव काचिन्स्की यांनी खोऱ्यातले काम थांबवले.

मग प्रश्न पुन्हा अभियंत्यांच्या टेबलावर आला, जिथे तो आधीच यायला हवा होता. त्यानंतर आलेल्या नव्या सरकारने २००८ मध्ये दोन्ही बाजूंना एकत्र बसवून पर्याय तपासले आणि २००९ मध्ये राच्की गावाकडून जाणारा मार्ग निवडला. हा रस्ताही रोस्पुदा ओलांडतो, पण वरच्या अंगाला, शेतीच्या भागात. तो लांब आहे आणि त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये तो खुला झाला, म्हणजे आउगुस्तुवकरांनी ट्रकचा जाच आणखी सात वर्षे सोसला. वॉर्साहून लिथुएनियाकडे जाणारा मुख्य महामार्ग ब्याविस्तोक शहराऐवजी वोम्झा शहराकडून न्यावा, असे पर्यावरण संघटना तंबू ठोकण्याच्या आधीपासून सांगत होत्या. आज तो तिकडूनच जातो.