पी५३ प्रथिनाची संरचना आणि डीएनएची ओळख

मानवी पेशीच्या केंद्रकातील डीएनएच्या एका संचात सुमारे तीन अब्ज बेस-जोड्या असतात. त्यांतून वीस जोड्यांचा विशिष्ट क्रम एखादे प्रथिन नेमका कसा ओळखते? प्रस्तुत लेखात पी५३ या प्रथिनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. १९७९ साली प्रकाशात आलेले हे प्रथिन १९९२ पासून ‘जनुकसंचाचा रक्षक’ म्हणून ओळखले जाते. आपली पाठ्यपुस्तके बहुधा या बिरुदापाशीच थांबतात. हे रक्षण कोणत्या रचनेच्या बळावर होते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

पी५३ मध्ये ३९३ अमिनो आम्ले असतात. डीएनएशी बंध साधण्याचे काम त्याच्या मध्यभागाकडे आहे. १९९४ साली पावलेटिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्राच्या साहाय्याने या भागाची डीएनएसह त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. बीटा-पट्ट्यांचे दोन थर एकमेकांवर बसून त्याचा सांगाडा तयार होतो. या सांगाड्याच्या एका टोकाला एक सर्पिल व काही वळसे बाहेर आलेले असतात, आणि डीएनएला प्रत्यक्ष स्पर्श करतात ते हेच. त्यांपैकी दोन मोठ्या वळशांना जस्ताचा एकच अणू बांधून ठेवतो. तीन सिस्टीन व एक हिस्टिडीन यांच्या पकडीत असलेला हा अणू स्वतः डीएनएला शिवत नाही, पण तो निखळला की वळसे विस्कटतात.

ओळख दोन प्रकारे होते. डीएनएच्या मोठ्या खाचेत शिरलेल्या सर्पिलावरील २८० क्रमांकाचे आर्जिनिन ग्वानिनशी दोन हायड्रोजन बंध जोडते. हे अक्षर वाचण्यासारखेच आहे. लहान खाचेत २४८ क्रमांकाचे आर्जिनिन शिरते. तेथे ॲडेनिन-थायमिन जोड्यांमुळे खाच अरुंद होऊन तिचा ऋण विद्युत्प्रभाव वाढलेला असतो, व धनभारित आर्जिनिन तिकडे ओढले जाते. येथे वाचला जातो तो अक्षरापेक्षा रेणूचा आकार. ‘कुलूप-किल्ली’ची उपमा म्हणूनच मला अपुरी वाटते, कुलपाच्या बाह्य घडणीलाही येथे अर्थ आहे.

लक्ष्यक्रमात दहा जोड्यांचे दोन अर्धक असतात व प्रत्येक अर्धक दोन्ही बाजूंनी सारखाच वाचता येतो. त्यामुळे त्यावर पी५३ चे दोन रेणू सममित बसतात. अशा दोन जोडगोळ्या मिळून चार रेणूंचा समूह होतो. चौघांची एकत्रित पकड एकट्याच्या पकडीपेक्षा कितीतरी घट्ट असते.

सुमारे निम्म्या मानवी कर्करोगांत या प्रथिनाच्या जनुकात उत्परिवर्तन आढळते. त्यांतील बदल बव्हंशी याच मध्यभागात असतात, पण ते सर्व एका जातीचे नाहीत. २७३ क्रमांकाचे आर्जिनिन डीएनएच्या फॉस्फेट कण्याला धरते. त्याच्या जागी हिस्टिडीन आले तर घडी शाबूत राहते, पकड मात्र जाते. १७५ क्रमांकाचे आर्जिनिन बदलले तर जस्ताभोवतीची बांधणीच ढासळते. २२० क्रमांकाच्या टायरोसिनऐवजी सिस्टीन आल्यास डीएनएपासून दूर, पृष्ठभागावर एक पोकळी पडते आणि मुळातच नाजूक असलेली घडी देहतापमानाला उलगडते. या पोकळीत नेमके बसून घडी सावरणारे लहान रेणू आता तयार झाले आहेत. २७३ व्या जागेवरील दोषाला ते उपयोगी नाहीत. तेथे सावरण्याजोगी घडी मोडलेलीच नसते.