कोलंबो बघा, कोजॅक साठवा

सत्तरच्या दशकात अमेरिकेतली रविवारची रात्र दोन पोलिसांची होती. सीबीएसवर गुळगुळीत टकलाचा, तोंडात लॉलीपॉप धरणारा कोजॅक. एनबीसीवर चुरगळलेल्या रेनकोटातला, दारापर्यंत जाऊन पुन्हा वळून शेवटचा प्रश्न टाकणारा कोलंबो. कोलंबोची पाळी असलेल्या रविवारी प्रेक्षकाला दोघांपैकी एकावर पाणी सोडावं लागे. १९७६ साली सोनीच्या बेटामॅक्स या व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरसाठी, म्हणजे व्हीसीआरसाठी, एक जाहिरात तयार झाली. तिचा मतलब साधा होता: कोलंबो बघताय म्हणून कोजॅक हुकायचं कारण नाही. दोन्ही मालिका युनिव्हर्सल स्टुडिओच्या. युनिव्हर्सलला ते झोंबलं आणि त्याच वर्षी डिस्नेला बरोबर घेऊन त्याने सोनीला कोर्टात खेचलं.

कोर्टाकडे येऊच, पण त्या जाहिरातीतलं आश्वासन मला कोर्टापेक्षा जास्त थक्क करतं. छपरावर अँटेना एक, तिच्यातून घरात उतरणारी वायर एक. मग एक कार्यक्रम पडद्यावर आणि दुसरा टेपवर, एकाच क्षणी, हे जमतं कसं?

लॉस एंजेलिसचंच उदाहरण घेऊ. शहराच्या डोक्यावर माउंट विल्सन नावाचा डोंगर आहे आणि त्यावर टीव्ही केंद्रांचे मनोरे. त्या काळी सीबीएस दोन नंबरच्या चॅनलवर होतं, एनबीसी चार नंबरच्या. दोन नंबरच्या चित्राची लहर ५५.२५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला साडेपाच कोटी हेलकाव्यांनी, धावायची. चार नंबरची ६७.२५ वर. दोन्ही लहरी एकाच हवेतून येत आणि एकाच अँटेनावर एकदमच आदळत. अँटेना निवडानिवड करत नाही. वायरमध्ये त्या क्षणी कोजॅकही असतो, कोलंबोही असतो, शहरातल्या बाकीच्या वाहिन्यांचे कार्यक्रमही असतात. सगळे एकमेकांत मिसळलेले, तरीही एकानेही दुसऱ्याला पुसून टाकलेलं नाही. मला वाटतं, या गोष्टीवर घटकाभर थांबायला हवं. आपण ‘चॅनल लावतो’ तेव्हा बाहेरून काही बोलावून आणत नाही. सगळं आधीच घरात येऊन उभं असतं.

निवड होते ती ट्यूनरमध्ये, आणि तिची युक्ती पहिल्या महायुद्धातली आहे. १९१८ साली पॅरिसमध्ये अमेरिकी सैन्यात असलेल्या एडविन आर्मस्ट्राँगने ती बसवली. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की त्यांच्या फरकातून एक तिसरं, संथ आंदोलन ऐकू येतं; ट्यूनर अशाच फरकावर जगतो. तो स्वतःची एक लहर तयार करतो आणि आलेल्या लहरीत मिसळतो. दोन नंबर हवा असेल तर १०१ मेगाहर्ट्झची. १०१ मधून ५५.२५ वजा केले की उरतात ४५.७५. चार नंबर हवा असेल तर ११३ ची, त्यातून ६७.२५ गेले की पुन्हा ४५.७५! बाहेरचं चॅनल कुठलंही असो, फरक तोच ठेवायचा. म्हणजे पुढची चाळणी एकाच आकड्यासाठी घट्ट बांधून ठेवता येते आणि तिच्यातून हवं तेवढंच चॅनल पुढे जातं.

आता उत्तर हाताशी आलं. एका ट्यूनरची एका वेळी एकच निवड. टीव्हीत एक ट्यूनर होताच. सोनीने रेकॉर्डरच्या पोटात दुसरा बसवला. अँटेनाची वायर आधी रेकॉर्डरमध्ये जायची आणि तिथून फाटा फुटून टीव्हीकडे. रेकॉर्डरचा ट्यूनर १०१ वर गुणगुणत कोजॅक वेगळा काढतोय, टीव्हीचा ११३ वर कोलंबो. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

फुकट मात्र काही मिळत नाही. वायरीला सरळ फाटा दिला की प्रत्येक वाटेला निम्मीच शक्ती जाते, आणि केंद्र दूर असेल तर चित्रात मुंग्या येतात. म्हणून पुढे बहुतेक व्हीसीआरमध्ये सिग्नल उचलून धरणारा छोटा ॲम्प्लिफायर असे.

टेपकडची करामतही कमी नव्हती. अर्धा इंच रुंदीची टेप सरकायची सेकंदाला जेमतेम चार सेंटिमीटर. एवढ्या संथ टेपवर चित्र मावत नाही, म्हणून चित्र लिहिणारी दोन हेडं एका तिरक्या ड्रमवर बसवली आणि तो मिनिटाला १८०० वेळा फिरवला. दर फेरीत दोन तिरप्या रेघा, सेकंदाला साठ. कोलंबो खुनी पकडेपर्यंत बाजूच्या पेटीत कोजॅकच्या हजारो रेघा मुकाट्याने उमटलेल्या असत.

खटला सात वर्षांहून अधिक चालला. १९७९ मध्ये सोनी जिंकली, १९८१ मध्ये अपिलात हरली आणि १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी पुन्हा जिंकली. घरी नंतर बघण्यासाठी कार्यक्रम टेप करणं हा कॉपीराइटचा भंग नाही, असं न्यायालय म्हणालं. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या निकालपत्रात त्या दुसऱ्या ट्यूनरचीही आवर्जून नोंद आहे: एका केंद्राच्या बातम्या बघत असताना त्याच वेळच्या दुसऱ्या केंद्राच्या बातम्या टेप करता येतात, हे उदाहरण देऊन. एवढ्याशा सुट्या भागाचं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने असं वर्णन करावं, याचा मला फार आनंद वाटतो.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि कित्येक वर्षं चॅनल एकच होतं. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास व्हीसीआर दिसू लागले, पण ते प्रामुख्याने भाड्याच्या कॅसेटींवर रात्र जागवण्यासाठी. दुसऱ्या ट्यूनरला निवडायला दुसरं काही नव्हतंच.

डिश आली आणि कोडं उलटं झालं. उपग्रहाच्या काही लहरी उभ्या डोलतात, काही आडव्या, आणि छत्रीसमोरचा, लहरी टिपणारा एलएनबी वायरीतून एका वेळी एकाच प्रकारच्या लहरी पाठवतो. कुठल्या, ते खालचा बॉक्स वायरीतूनच व्होल्टेज चढवून सांगतो: १३ व्होल्ट म्हणजे उभ्या, १८ म्हणजे आडव्या. म्हणजे आता वायरीत सगळं नसतं, मागितलेला गठ्ठाच असतो. दोन ट्यूनरनी एकाच वायरीवर वेगवेगळे गठ्ठे मागितले की एकाला उपाशी राहावं लागतं. म्हणून दोन ट्यूनरच्या रेकॉर्डर बॉक्सला साध्या जोडणीत छत्रीपासून दोन वायरी ओढाव्या लागतात.

उलट, डिजिटलमध्ये एकाच लहरीवर अनेक वाहिन्या बसतात. त्यांचे १८८ बाइटचे तुकडे एकामागून एक येतात आणि प्रत्येकावर आपला क्रमांक असतो. तुम्हाला बघायची आणि साठवायची वाहिनी एकाच लहरीवर असेल, तर त्यांना वेगळं करायला एकच ट्यूनर पुरतो. बॉक्सने फक्त एका क्रमांकाचे तुकडे पडद्याकडे आणि दुसऱ्याचे हार्ड डिस्ककडे धाडायचे. आता तर अशा चिपा आहेत ज्या केबलमधला अख्खा पट्टाच एका दमात आकड्यांत उतरवून घेतात आणि हवी ती चॅनलं नुसत्या गणिताने वेगळी काढतात, एकाच वेळी अनेक.