कुठली बाटली?

रात्रीचे सव्वाअकरा. सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एकोणीस वर्षांची मुलगी स्ट्रेचरवर धापा टाकतेय. श्वास खोल, सलग; तोंडाला अतिपिकल्या फळाचा वास. सिस्टर बोट टोचतात. ग्लुकोमीटरवर आकडा नाहीच, नुसतं 'हाय'.

"दोन दिवस उलट्या होत्या," आई सांगते. "पोटात अन्न नाही, मग इन्सुलिन कशाला, म्हणून बंद ठेवलं." इथे हे कारण नेहमीचंच. कुणी रागावत नाही. तेवढी सवडही नाही.

सलाइन सुरू झालंय. पहिली बाटली कुणाच्या सहीसाठी थांबत नाही. रक्ताच्या एबीजी तपासणीची चिठ्ठी येते: पीएच 7.02, पोटॅशियम 3.9. रेसिडेंट मॅडम आधी पोटॅशियमच बघतात. ते फार खाली असतं तर इन्सुलिन थांबवावं लागलं असतं; इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींत ओढून घेतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. आकडा ठीक आहे. इन्सुलिनचा पंप लागतो.

मग त्या संमतिपत्र घेऊन वडिलांकडे वळतात.

"माझ्या पोरीवर प्रयोग करणार?"

"काका, औषध नवीन नाही. नॉर्मल सलाइन आणि रिंगर लॅक्टेट, दोन्ही आम्ही रोज चढवतो. कुठल्यानं रक्तातलं आम्ल लवकर उतरतं, ते बघायचंय. तुम्ही नको म्हणालात तरी उपचारात काही कमी होणार नाही."

भांडण क्लोराइडशी आहे. नॉर्मल सलाइनमध्ये ते लिटरला 154 मिलिमोल, रक्तात साधारण 100. बाटल्यांवर बाटल्या चढल्या की हेच क्लोराइड रक्ताची आम्लता वाढवतं. अमेरिकेत व्हँडरबिल्टच्या दोन मोठ्या चाचण्यांमधले इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचलेले असे 172 रुग्ण वेगळे काढून 2020 साली हिशेब मांडला गेला: रिंगरसारख्या संतुलित द्रावणावर सुमारे 13 तासांत आजार आटोक्यात, सलाइनवर 17. पण हा मागाहून काढलेला हिशेब, आणि रुग्णही थोडेच. तेवढ्यावर वॉर्डाची सवय मोडत नाही.

वडील सही करतात. कागद वाचलेला दिसत नाही; नजर सगळा वेळ मुलीच्या छातीवर. नियमात बसते ही संमती, पण मला ती पुरी म्हणवत नाही. मुलगी शुद्धीवर आली की तिलाही विचारायचं, असं त्याच कागदावर छापलंय, ते बरंय.

कुठली बाटली, ते चिठ्ठीनं ठरतं. मॅडम सीलबंद पाकीट फाडतात. "रिंगर." सिस्टर बाटली बदलतात.

पहाटे साडेपाचला श्वास बराच निवलाय. मुलगी कागद खालपर्यंत वाचते.

"रक्त किती वेळा काढणार?"

"दर दोन तासांनी. अभ्यास नसता तरी काढलंच असतं."

"मग द्या पेन."