पेपर विकला, बातमीदार गेला; आता गावाचे काय?



साखर कारखाना अडचणीत आला आणि दुसऱ्या कुणी घेतला, की आपण लगेच विचारतो, उसाचे बिल कोण देणार आणि कामगारांचे काय होणार? पेपर विकला गेला तर मात्र हा प्रश्न कुणाच्या तोंडी येत नाही. हा नाही तर तो, असे म्हणून आपण मोकळे होतो. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत जिल्ह्या-तालुक्याचे शेकडो पेपर असेच विकले गेले, एकमेकांत मिसळले गेले आणि त्यातली हजारो माणसे घरी बसली. हकीकत लांबची आहे खरी. पण नुकसान कुणाचे झाले हे बघितले तर ती आपल्या बांधावरची वाटेल.

पेपर आहे, बातमीदार नाही

कॅलिफोर्निया राज्यात सॅलिनास नावाचे शहर आहे. वस्ती दीड लाखावर. भोवतालचे खोरे भाजीपाल्यासाठी देशभर नावाजलेले. लेट्यूस म्हणजे सॅलडचा पाला, ब्रोकोली, स्ट्रॉबेरी इथून गाड्या भरभरून जातात. या गावचा पेपर ‘सॅलिनास कॅलिफोर्नियन’ 1871 साली सुरू झाला. डिसेंबर 2022 मध्ये या पेपरचा उरलासुरला एकुलता बातमीदार नोकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी कुणी आले नाही. पेपर निघतच राहिला. नाव तेच, पण आतला मजकूर त्याच कंपनीच्या दुसऱ्या गावच्या पेपरांतून उचललेला. मार्च 2023 मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने याची बातमी दिली, तेव्हा खास सॅलिनासचा म्हणावा असा मजकूर एकच उरला होता. तो म्हणजे घरच्यांनी पैसे भरून छापून घेतलेली निधनवार्ता!

बातमीदार गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात, जानेवारी 2023 मध्ये, सॅलिनास नदीला पूर आला आणि खोऱ्यातली शेतजमीन पाण्याखाली गेली. टीव्हीवाले आले, आसपासच्या इतर पेपरांनीही लिहिले. पण ज्या पेपरच्या नावातच गावाचे नाव, त्याच्याकडे बांधावर पाठवायला स्वतःचा माणूस नव्हता. पूर आला की गर्दी होते. पाणी ओसरल्यावर पंचनामा कुणाचा झाला, मदत कुणाला मिळाली, कुणाची राहिली, हे विचारायला गावातलाच माणूस लागतो.

कर्ज काढून खरेदी, वसुली पगारातून

हे कसे घडले? ‘सॅलिनास कॅलिफोर्नियन’ हा तेव्हा गॅनेट या मोठ्या कंपनीचा पेपर होता. नोव्हेंबर 2019 मध्ये गॅनेट आणि गेटहाउस या दोन कंपन्या एक झाल्या. गेटहाउसच्या मालक कंपनीने गॅनेट विकत घेतली आणि नाव गॅनेटचेच ठेवले. एका छताखाली 260 च्या वर दैनिके आली. या खरेदीसाठी सुमारे 180 कोटी डॉलरचे कर्ज काढले आणि त्याचा व्याजदर होता साडेअकरा टक्के. हिशेब तुम्हीच करा. नुसते व्याजच वर्षाला 20 कोटी डॉलरच्या पुढे जाते.

आता हे व्याज यायचे कुठून? छापील जाहिराती आणि खप दोन्ही वर्षानुवर्षे घटत होते. मग उरते ती काटकसर. दोन्ही कंपन्या एकत्र आल्यावर वर्षाला 27 ते 30 कोटी डॉलर वाचतील, असे मालकांनी सौद्याच्या वेळीच सांगून ठेवले होते. ‘वाचतील’ या शब्दाचा अर्थ कामगाराला चांगला कळतो. 2019 च्या अखेरीस या कंपनीकडे अमेरिकेत 21 हजारांवर नोकर होते. 2022 च्या अखेरीस ते 11 हजारांच्या आसपास आले. काही पेपर विकल्यामुळे आकडा घटला, पण कपातीचा वाटा मोठा.

कपात कशी होते तेही बघा. आधी चार गावची छपाई एका ठिकाणी नेतात. गावचे यंत्र बंद, छपाई कामगार घरी. छपाई लांब गेली की बातम्या लवकर द्याव्या लागतात, म्हणून रात्रीच्या सभेची बातमी उद्याच्या अंकात येत नाही. मग पाने लावण्याचे काम दुसऱ्या राज्यात जाते. ज्याला गावाचे नाव धड माहीत नाही, तो गावच्या बातमीला मथळा देतो. मग फोटोग्राफर जातो, मग कचेरीची जागा जाते. 2022 मध्ये या कंपनीने शंभरावर गावांत शनिवारचा छापील अंकच बंद केला. शेवटी जातो बातमीदार. तोवर वाचक म्हणायला लागलेला असतो, ‘या पेपरात हल्ली काही नसते.’

नोकरांनी हे सगळे मुकाट्याने सोसले असे नाही. एप्रिल 2018 मध्ये ‘डेन्व्हर पोस्ट’च्या संपादकीय पानाने आपल्याच मालकाला गिधाड म्हटले. शंभराच्या आतबाहेर उरलेल्या संपादकीय विभागातून आणखी 30 माणसे कमी करण्याचा हुकूम सुटला होता. 5 जून 2023 रोजी गॅनेटच्या भागधारकांची वार्षिक सभा होती. त्या दिवशी कंपनीच्या अनेक पेपरांतले शेकडो पत्रकार काम सोडून बाहेर पडले. मागणी पगाराची होती, तशीच गावात माणसे ठेवा ही सुद्धा होती.

विचारणारा नसला की

‘बातमीदार गेला तर बरेच झाले, कटकट गेली,’ असे एखाद्या कारभाऱ्याच्या मनात येईल. त्याने बेल गावची गोष्ट ऐकावी. लॉस एंजेलिसजवळ 35 हजार वस्तीचे हे कष्टकऱ्यांचे गाव. तिथे नियमाने सभेला बसणारा बातमीदार नव्हता. जुलै 2010 मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे दोन बातमीदार शेजारच्या गावची भानगड तपासत असता त्यांना बेलचा पत्ता लागला. तिथला मुख्य प्रशासक रॉबर्ट रिझो वर्षाला सुमारे 7 लाख 87 हजार डॉलर पगार घेत होता. देशाच्या राष्ट्राध्यक्षाचा पगार 4 लाख! बहुतेक नगरसेवकही अर्धवेळ कामाचे लाखाच्या घरात उचलत होते. पुढे खटला झाला आणि 2014 मध्ये रिझोला 12 वर्षांची शिक्षा झाली. पण तोवर कररूपाने गेलेला पैसा लोकांचाच होता.

दुसरा हिशेब अर्थशास्त्राच्या तीन अभ्यासकांनी मांडला. गावचा पेपर बंद पडल्यावर तिथल्या नगरपालिकांना कर्जरोख्यांवर 0.05 ते 0.11 टक्के जादा व्याज पडते, असे त्यांना आढळले. आकडा बारीक वाटतो. पण 100 कोटींच्या कर्जावर वर्षाला 5 ते 11 लाख रुपये होतात. कारभारावर नजर नाही म्हटल्यावर सावकारही सावध होतो. म्हणजे पेपरचा खर्च वाचला आणि घरपट्टीतून गेला.

आपल्याकडचे दुखणे

आपल्या महाराष्ट्राला गावच्या पेपरचे मोल शिकवायला नको. मुकुंदराव पाटलांनी 1910 पासून ‘दीनमित्र’ चालवला, तो नगर जिल्ह्यातल्या सोमठाण्यातून आणि पुढे तरवडीहून. अगदी खेड्यातून. 1967 पर्यंत तो चालला.

आज तालुक्याचा वार्ताहर कसा जगतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुष्कळांना पगार नाही, नाममात्र मानधन किंवा जाहिरातीवर कमिशन. कुणाचे दुकान, कुणाची शेती, वर बातमीदारी. पत्रकारांसाठी 1955 सालचा कायदा होता. नोकरीवरून काढायचे तर संपादकाला सहा महिने आणि इतर पत्रकाराला तीन महिने आधी नोटीस, अशी त्यात तरतूद होती. पण ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता, त्यालाच तो कायदा लागू. तालुक्याचा वार्ताहर बहुधा हजेरीपटावरच नसतो, त्याला नोटीस कोण देणार? 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा नव्या कामगार संहितांमध्ये विलीन झाला. संहिता कोणतीही असो, कागदावर नसलेल्या माणसाला तिचा आधार मिळत नाही.

शिवाय एक गोम आहे. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, पुढाऱ्याचा वाढदिवस, या पुरवण्यांसाठी याच वार्ताहराला पंचायतीच्या, सोसायटीच्या, बाजार समितीच्या दारात जाहिरात मागायला जावे लागते. ज्याच्याकडे सकाळी जाहिरात मागायची, त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बातमी कशी द्यायची? आपल्याकडे पेपर बंद न पडताही बातमीदार हळूहळू गप्प होतो, तो असा.

तुमच्या हातात काय आहे?

पारावर एक अंक दहा जण वाचतात. त्यातल्या दोघांनी जरी स्वतःचा अंक घेतला तरी फरक पडतो. कारभाऱ्यांनी टेंडर आणि नोटिशीच्या जाहिरातींची बिले वर्ष-वर्ष रखडवू नयेत. लहान पेपर तेवढ्यानेही मोडतो. जाहिरात दिली म्हणून बातमी दाबा, असे म्हणू नये आणि बातमी विरोधात आली म्हणून जाहिरात तोडू नये. ग्रामसभेचा अजेंडा, जमाखर्च, लाभार्थ्यांची यादी वार्ताहराने मागितली तर द्यावी. ती तशीही लोकांचीच आहे. आणि वाचकांनो, तुमच्या पेपरची मालकी बदलली असे कानावर आले, तर संपादकाला पत्र टाकून एकच प्रश्न विचारा, ‘आमच्या तालुक्याला माणूस ठेवणार की नाही?’

मालक बदलला तरी पेपर चालतो. पण पीक पाण्याखाली गेल्यावर तुमच्या बांधावर येणारा माणूस एकदा गेला, की तो परत आणणे कठीण.