रडणाऱ्याची साक्ष

अमरावतीच्या राजापेठेत एका घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे. राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस जवळ आले की तिथे तालमी सुरू होतात. गेल्या वेळी मी जिन्यात उभा राहून एक प्रवेश ऐकत होतो. दिवसभर शाळेत शिकवून आलेल्या बाई आईची भूमिका करत होत्या. मुलगा गेल्याची खबर येते तो प्रवेश. चार वेळा जमला नाही. पाचव्या वेळी त्यांचा आवाज घोगरा झाला, हनुवटी थरथरली आणि प्रॉम्प्टर वाचायचाच विसरला. प्रवेश संपला, बाईंनी पदरानं डोळे टिपले आणि लगेच दिग्दर्शकाला विचारलं, "सर, मी वळले तेव्हा चेहरा लाईटमध्ये राहील ना?"

खाली ओट्यावर शेजारच्या काकू कोणाला तरी सांगत होत्या, "थे रोज नाटकं कराले जाते. घरी कोन पाहाते मंग?"

बाईंचं रडणं खरं होतं का? आपल्या बोलण्यात याचा निकाल केव्हाच लागलेला आहे. पोर खोटं रडायला लागलं की आपण म्हणतो, "नाटकं नको करू." ढोंग्याला आपण नाटकी म्हणतो. हा संशय फार जुना. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदार म्हणून कोणाला उभं करू नये त्याची यादी आहे, तीत कुशीलव आहेत. कुशीलव म्हणजे नट, गाणारे, नाचणारे. जो रोज दुसऱ्याचं बोलतो, त्याच्या स्वतःच्या शब्दावर विसंबायचं नाही, असाच त्याचा अर्थ मला लागतो. नाट्यशास्त्राच्या शेवटीही ऋषींची टिंगल केली म्हणून भरताच्या मुलांना शाप मिळाल्याची कथा येते. पण त्याच ग्रंथात नटाची बाजूही मांडलेली आहे. अश्रू, रोमांच, चेहऱ्याचा रंग उडणं, आवाज फुटणं हे सात्त्विक भाव. मन एकाग्र झाल्याशिवाय ते येत नाहीत, असं भरत सांगतो. पुढे फ्रान्समध्ये दिदरोनं नेमकं उलट मांडलं: थोर नटाला आतून काही वाटतच नाही, म्हणून तर तो रोज सारखंच रडू शकतो.

माझा कौल भरताला आहे. लाईटची चौकशी करणाऱ्या बाईंचं दुःख त्या चौकशीनं खोटं ठरत नाही. खरं वाटणं आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणं, ही दोन्ही कामं त्यांना एकाच वेळी करायची असतात.

हा प्रश्न वऱ्हाडच्या ओळखीचा आहे. नटाचे अश्रू पाहून शेक्सपियरचा हॅम्लेट स्वतःशीच शरमतो: याला गोष्टीतल्या हेक्युबाचं एवढं दुःख, आणि मला माझ्या बापाचं काय? ते नाटक 'विकारविलसित' नावानं मराठीत आणलं आगरकरांनी, आणि आगरकरांचं मॅट्रिकचं शिक्षण अकोल्यात झालं. तिथले त्यांचे शिक्षक विष्णु मोरेश्वर महाजनी, त्यांनीही शेक्सपियरवरून 'तारा' लिहिलं. 1905 साली मुंबईत पहिलं नाट्यसंमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. साक्षीपुराव्यांत हयात घालवलेला वकील नटांच्या सभेचा अध्यक्ष होतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे अमरावतीच्याच वीर वामनराव जोशींनी 'रणदुंदुभी' हे नाटक लिहिलं. इंग्रजी अमलात चौकात उच्चारायला जड जाणारी पारतंत्र्याची गोष्ट 1927 साली मास्टर दीनानाथांच्या गळ्यातून लोकांनी ऐकली, आणि ती नाटकी आहे असं कोणी म्हटलं नाही.

तरीही नटाच्या खरेपणाला आपण एक पुरावा मागतोच, त्याच्या घरच्या दुःखाचा. 12 मार्च 1911 रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली आणि ते नायिका भामिनी होऊन उभे राहिले. ही गोष्ट आपण डोळे भरून सांगतो. पण त्या रात्री भामिनीच्या वाट्याला रडणं नव्हतं, लाडिक रुसवा होता, आणि तोही खराच वठवायचा होता. घरचं प्रेत सांगितल्याशिवाय आपल्याला नटाची निष्ठा पटत नसेल, तर ज्यांच्या घरी सुदैवानं काही घडलेलं नाही त्या हजारो हौशी नटांचं काय? ऑफिस, दुकान, शाळा करून ते रात्री दहापर्यंत तालमीला उभे राहतात. पदरचे पैसे घालून नेपथ्य उभारतात आणि प्रयोग एकच होतो.

बाईंचा प्रयोग मी विंगेतून पाहिला. खबर आली, त्या कोसळल्या, दिवे गेले. अंधारात त्या आत आल्या. टाळ्या चालू होत्या आणि त्यांचे खांदे अजून हलत होते. विंगेचा काळा पडदा मुठीत धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग नाक पुसलं, पुढच्या प्रवेशातला कंदील उचलला आणि वात नीट आहे का ते पाहिलं.