‘कल’ म्हणजे काल की उद्या? आपली घरची बोली आणि समजण्यातली गफलत

चौसाळ्याच्या स्टँडवर बीडची गाडी बघत थांबलं की कानावर असं काहीतरी पडतंच : “गाडी आती बोलके बोले, अबी तक आयीच नै.” ऐकणारा मराठी असो की मुस्लिम, कुणालाही अर्थ विचारावा लागत नाही. पण हीच बोली शाळेत किंवा कचेरीत निघाली, की कुणीतरी हसतं आणि म्हणतं, “काय मोडकी हिंदी बोलता!”

ती मोडकी हिंदी नाही. ती दखनी आहे, आणि तिला स्वतःचे नियम आहेत. वरचंच वाक्य बघा. ‘आयीच’ मधला ‘च’ सरळ मराठीचा. ‘आती बोलके बोले’ म्हणजे ‘येते म्हणून सांगितलं’. ‘म्हणून’च्या जागी ‘बोलके’ आलं, बांधणी तीच राहिली. ‘नको’ तर आपण जसाच्या तसा घेतला. ‘मेरेकू पानी होना’ यातलं ‘होना’ म्हणजे ‘हवं’. ‘लोगां’, ‘बातां’ अशी अनेकवचनंही दखनीची खास ओळख.

ही बोली शेकडो वर्षांची आहे. गोवळकोंड्याचा सुलतान मुहंमद कुली कुतुबशहा दखनीत शायरी करत होता. पुढे वली हा मोठा शायर औरंगाबादकडचाच. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. श्रीगोंद्याच्या शेख महंमद यांनी १७ व्या शतकात ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. खरीप, रब्बी, वारस, तारीख, वकील, हजर हे शब्द अरबी-फारसीतून आले, पण आज कुठल्याही शेतकऱ्याला ते परके वाटत नाहीत. १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि कारभार उर्दूत चालायचा. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. कारभाराची भाषा बदलली, घरातली बोली मात्र टिकली.

मग अडचण कुठे येते? शब्द अगदीच वेगळा असेल तर माणूस विचारतो. शब्द ओळखीचा वाटला की तो विचारत नाही, आणि गफलत तिथेच होते.

समजा, दवाखान्यात दादीला सलाईन लावलंय. बाटली संपली म्हणून दादी सांगते, “बोतल खाली है.” आपल्याकडे ‘खाली’ म्हणजे रिकामी. मराठीत ‘खाली’ म्हणजे जमिनीकडे. नवीन सिस्टर बाटली वर टांगलेलीच आहे ना, एवढं बघून निघून जाऊ शकते.

किंवा दादी शेजारच्या ताईंना म्हणते, “कल दवाखाना.” दादीच्या मनात उद्या आहे, ताईंच्या कानाला ‘काल’ ऐकू येतं. पूर्ण वाक्य असतं तर क्रियापदाने उलगडा झाला असता. अर्धं बोललं की तारीख चुकते. मराठीनेही फार हसू नये, कारण ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही.

शाळेतला शब्द ‘शिक्षा’. टीव्हीवरच्या हिंदीत त्याचा अर्थ तालीम, मराठी शाळेत मात्र शिक्षा म्हणजे छडी किंवा उठाबशा. पोरगं गोंधळलं तर त्यात त्याची चूक काय?

यावर उपाय साधे आहेत. दवाखान्यात, बँकेत, तहसीलमध्ये ‘कल-परसूं’ न म्हणता वार आणि तारीख सांगा. ‘खाली’ऐवजी ‘संपली’ म्हणा. औषध कसं घ्यायचं ते ऐकून झाल्यावर आपल्या शब्दांत परत बोलून दाखवा : “म्हणजे सकाळी, जेवणाआधी, एकच गोळी ना?” यात कमीपणा नाही. डॉक्टरांनाही बरंच वाटतं.

घरी अम्मी-अब्बांनी आणखी एक करावं. मुलांना मराठी नीट शिकवावी, उर्दू वाचता यावी, पण नानीची बोली बोलल्याबद्दल टोकू नये. ज्या मुलाला घरच्या बोलीची लाज वाटते, ते आधी बाहेर गप्प बसतं आणि मग घरातही. दोन्ही येणारं मूल मात्र उद्या दादीसोबत दवाखान्यात उभं राहील आणि सिस्टरला सांगेल, “बाटली संपलीय, बदला.”