घरची कामं अन् कागदांचा हंगाम



"साधा दाखला वेळेवर आणत नाहीत हे पालक," असं आपण शाळेत सहज बोलून जातो. पण दर वेळी तो आळस असतो का? मार्कंडा परिसरातल्या घराचं वर्ष बघा.

महाशिवरात्रीची जत्रा आटोपली, की मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायचा. मे महिन्यात तेंदूपत्ता. पाऊस आला, की धानाचे पऱ्हे टाकायचे, मग रोवणी. विदर्भातली शाळा उघडते जूनअखेर. म्हणजे कागद मागायची अन् बांधीत उतरायची वेळ एकच! चामोर्शीला एक चक्कर मारली, की दिवसाची मजुरी बुडते. काम 'उद्या'वर जातं. तोवर वीजबिल, रेशनची केवायसी, म्हाताऱ्यांचं औषध अशी आणखी कामं साचतात. सगळं डोक्यातच ठेवलं, की रात्री झोप लागत नाही आणि दिवसा नेमकं तेच आठवत नाही.

मग काय करायचं? शेतीसारखीच कागदांची कामंही हंगामाप्रमाणे वाटायची.

1. जानेवारी – जातीचा दाखला. मळणी उरकलेली असते. हा दाखला एकदाच काढायचा, पण जुना पुरावा शोधण्यात वेळ जातो. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा बघतात. आजोबांचा शाळेचा दाखला आधी शोधा.

2. एप्रिल – उत्पन्नाचा दाखला. आर्थिक वर्ष बदललं, की नवा काढायचा. मोह पहाटे वेचतात. त्यातलीच एखादी दुपार सेवा केंद्रासाठी ठेवा.

3. उरलेली कामं भिंतीवरच्या कॅलेंडरवर. एका कामापुढे एक तारीख अन् एकच नाव. 'कोणीतरी करेल' म्हटलेलं काम कोणीच करत नाही.

शिक्षकांनीही कागदांची यादी जूनऐवजी जानेवारीच्या पालकसभेत द्यावी, तीही वाचून, समजावून.

हे एवढं का सांगायचं? मोठ्यांची कामं तुंबली, की त्यांचा भार मुलांवर येतो. रोवणीच्या दिवसांत गैरहजर असलेली सातवीतली मुलगी बहुतेकदा घरी लहान भावाला सांभाळत असते. तिचं नाव हजेरीपटावर लाल करण्याआधी घरी एकदा विचारून या. पालकांची एक चक्कर वाचली, तर तिचा शाळेचा एक दिवसही वाचतो.